वादळानंतरची पाहणी : पडलेल्या झाडांची साक्ष

वळवाचे वादळ एका घटकेत येते आणि दुसऱ्या घटकेत निघून जाते. आकाश निवळते, ऊन पडते आणि मागे राहतात ती उडालेली पत्र्याची छपरे, उन्मळून पडलेले आंबे आणि आडवी झालेली केळीची बाग. अशा वेळी गावकऱ्यांचे हात साहजिकच आवराआवरीकडे वळतात. रस्त्यावरचे झाड तोडले जाते, पत्रे गोळा केले जातात, कोसळलेल्या भिंतीची माती बाजूस सारली जाते. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु या घाईत एक मोलाची वस्तू नकळत नाहीशी होते. ती म्हणजे वादळाची साक्ष. वारा डोळ्यांना दिसत नाही. तो कोठून आला, किती वेगाने आला आणि घराचा कोणता सांधा त्यापुढे टिकला नाही, हे पडलेल्या वस्तूंवरूनच समजते. त्या वस्तू जागच्या हलल्या की हे समजण्याचा मार्ग बहुधा कायमचा बंद होतो.

ही साक्ष वाचण्याचे शास्त्र अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विशेष वाढीस लागले. त्या देशात प्रतिवर्षी सरासरीने हजाराहून अधिक घूर्णवातांची, म्हणजे ज्यांना टोर्नेडो म्हणतात त्या वादळांची, नोंद होते. या शास्त्राचा इतिहास शेतकरी बंधूंना व ग्रामकार्यकर्त्यांना उद्बोधक वाटावा असा आहे. कारण त्यातील कित्येक महत्त्वाचे निष्कर्ष प्रयोगशाळेत निघालेले नसून मक्याच्या शेतात, डोंगरावरील रानात आणि मोडक्या कोठारांजवळ निघालेले आहेत.

वाऱ्यांची ओळख

कोणत्याही मोठ्या वादळास सरसकट चक्रीवादळ म्हणण्याची प्रथा पडली आहे. पाहणी करणाऱ्याने प्रथम हा घोटाळा दूर करावा. समुद्रावर जन्मणाऱ्या चक्रीवादळाचा विस्तार शेकडो किलोमीटर असतो व ते कित्येक दिवस टिकते. उन्हाळ्यात भर दुपारी तापलेल्या माळावर जी वावटळ उठते, ती धूळ व पाचोळा गरगर फिरविते. तिचा मेघाशी संबंध नसतो. घूर्णवात या दोहोंहून निराळा आहे. गडगडाटी वादळाच्या प्रचंड मेघापासून थेट जमिनीपर्यंत पोचलेला तो वेगाने फिरणाऱ्या हवेचा स्तंभ होय. त्याची रुंदी काही मीटरांपासून क्वचित दोन-तीन किलोमीटरपर्यंत असते आणि तो बहुधा काही मिनिटेच टिकतो. म्हणूनच एका आळीतील घरे भुईसपाट होतात आणि शेजारच्या आळीतील तुळशीवृंदावनही जागचे हलत नाही.

त्याच मेघातून आणखी एक विनाशक वारा निघतो. मेघातील थंड झालेली जड हवा पाऊस व गारांसह खाली कोसळते, जमिनीवर आदळते आणि चोहोबाजूंस पसरते. पाण्याने भरलेली घागर फरशीवर उपडी केली असता पाणी जसे सर्व दिशांना धावते, तसाच हा प्रकार असतो. यास अधोगामी झोत म्हणता येईल. घूर्णवात आणि अधोगामी झोत यांनी केलेले नुकसान वरवर पाहता सारखेच दिसते. त्यांतील भेद ओळखणे हे पाहणीचे पहिले काम होय.

फुजितांची शोधक दृष्टी

हा भेद जगास दाखवून देणारे शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांचा जन्म १९२० साली जपानच्या क्यूशू बेटावर झाला. १९४५ च्या ऑगस्ट महिन्यात हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर अणुबाँब पडले, तेव्हा ते तेथील एका तंत्रविद्यालयात तरुण अध्यापक होते. पुढे काही आठवड्यांनी त्यांनी या दोन्ही उद्ध्वस्त नगरांची पाहणी केली. नागासाकी येथील स्मशानभूमीत थडग्यांपुढे फुले ठेवण्याची बांबूची नळकांडी होती. त्या नळकांड्यांच्या कोणत्या अंगास होरपळल्याची खूण आहे हे पाहून त्यांनी स्फोट जमिनीपासून किती उंचीवर झाला असावा याचे अनुमान बांधले. क्षुल्लक वाटणारी वस्तूही जागच्या जागी असेल तर केवढी साक्ष देऊ शकते, याचा हा बोलका दाखला आहे.

१९५३ साली फुजिता शिकागो विद्यापीठात दाखल झाले. २० जून १९५७ रोजी नॉर्थ डाकोटा राज्यातील फार्गो शहरावर घूर्णवात आला. त्याचा अभ्यास करताना त्यांनी सामान्य नागरिकांनी काढलेली दीडशेहून अधिक छायाचित्रे गोळा केली आणि ती कोठून व केव्हा काढली हे निश्चित करून त्या वादळाचा क्रमवार इतिहास जुळविला. यंत्रे जेथे पोचत नाहीत तेथे स्थानिक माणसांनी पाहिलेले व टिपलेले उपयोगी पडते, हे त्यातून सिद्ध झाले.

११ एप्रिल १९६५ रोजी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात घूर्णवातांची मोठी मालिका येऊन गेली. त्यानंतर विमानातून पाहणी करताना शेतांत वेटोळ्याच्या आकाराच्या रेघा दिसल्या. वाऱ्याने फरफटत नेलेल्या जड वस्तूंनी जमिनीवर ओढलेले ते ओरखडे असावेत असा तोवर समज होता. परंतु जमिनीवर जवळून तपासता तेथे ओरखडे नव्हतेच. मक्याची धसकटे वाऱ्याने ओळीने रचून ठेवली होती. एका मोठ्या भोवऱ्याच्या पोटात लहान लहान भोवरे फिरत असतात आणि सर्वांत भीषण नाश त्यांच्या वाटेवर होतो, हा फुजितांचा सिद्धांत अशा खुणांतून उभा राहिला. शेजारशेजारच्या दोन घरांपैकी एक नष्ट होते आणि दुसरे वाचते, त्याचा एक उलगडा यातून झाला.

१९७४ ची महामालिका

३ व ४ एप्रिल १९७४ या दोन दिवसांत अमेरिकेतील १३ राज्यांत मिळून १४८ घूर्णवात झाले व तीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ओहायो राज्यातील झीनिया या गावाचा मोठा भाग उद्ध्वस्त होऊन तेथे तिसाहून अधिक लोक दगावले. फुजिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान विमानांतून हजारो किलोमीटर प्रवास करून या वादळांचे मार्ग नकाशावर उतरविले आणि १९७१ साली आपण सुचविलेल्या श्रेणीनुसार त्यांची प्रतवारी लावली.

याच पाहणीत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील बेक्ली गावाजवळच्या रानात त्यांना एक वेगळेच दृश्य आढळले. तेथील झाडे एकमेकांवर आडवीतिडवी पडलेली नव्हती. एका मध्यबिंदूपासून सर्व दिशांना, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे, बाहेरच्या बाजूस पडलेली होती. नागासाकी येथे स्फोटाने पाडलेल्या झाडांची मांडणी त्यांना आठवली. वरून काही तरी प्रचंड जोराने खाली आदळल्याखेरीज झाडे अशी पडणार नाहीत, हे त्यांनी ताडले. परंतु जमिनीलगत येईपर्यंत असा झोत दुबळा होत असला पाहिजे, असे त्या वेळी बहुतेक हवामानशास्त्रज्ञांचे मत होते.

पुढल्याच वर्षी, २४ जून १९७५ रोजी, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर गडगडाटी वादळात उतरणारे एक प्रवासी विमान धावपट्टीपूर्वीच कोसळले. त्यातील १२४ माणसांपैकी ११३ जणांचा मृत्यू झाला. त्या अपघाताचा अभ्यास करताना फुजितांना बेक्लीच्या रानातील झाडांची आठवण उपयोगी पडली. हे विमान अधोगामी झोतात सापडले होते, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यावर वाद झाला. पण १९७८ साली शिकागोजवळ व १९८२ साली डेन्व्हरजवळ डॉप्लर रडार लावून केलेल्या निरीक्षणांत असे झोत प्रत्यक्ष सापडले. त्यानंतर वैमानिकांचे शिक्षण बदलले, विमानतळांवर इशारा देणारी यंत्रे आली आणि असे अपघात पुष्कळच कमी झाले. कोणा लाकूडतोड्याने ते रान आधीच साफ केले असते, तर या शोधास किती विलंब लागला असता, हे सांगता येत नाही.

झाडे कशी वाचावीत

घूर्णवात पुढे सरकत असता चोहोबाजूंची हवा फिरत फिरत आत ओढली जाते. त्यामुळे त्याच्या मार्गाच्या दोन्ही अंगांची झाडे बहुधा मध्यरेषेकडे कललेली किंवा एकमेकांवर पडलेली आढळतात. नुकसानीचा पट्टा अरुंद व लांब असतो. भारतासारख्या उत्तर गोलार्धातील देशांत घूर्णवाताचे फिरणे बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने असते. म्हणून वादळ ज्या दिशेने गेले त्या दिशेकडे तोंड करून उभे राहिल्यास उजव्या हाताची झाडे पुढच्या बाजूस, तर डाव्या हाताची झाडे आत किंवा मागच्या बाजूस पडलेली दिसतात. उजवीकडे फिरण्याचा व पुढे सरकण्याचा वेग एकत्र येत असल्यामुळे नुकसानही सामान्यतः तिकडे अधिक असते. अधोगामी झोतात याउलट झाडे पंख्यासारखी पसरत जातात, किंवा विस्तीर्ण पट्ट्यात एकाच दिशेने समांतर पडतात.

तथापि एका झाडावरून निर्णय करू नये. जे झाड मुळातच एका बाजूस झुकलेले होते, त्याची साक्ष निरुपयोगी होय. पुष्कळ झाडे पाहून, प्रत्येकाची दिशा टिपून, मगच अनुमान करावे. झाड मुळासकट उन्मळले की खोडात मोडले, हेही पाहावे. पावसाने भिजलेल्या, मुरमावरील उथळ मातीत उभे असलेले झाड थोड्या वाऱ्यानेही उन्मळते. खोडास कीड किंवा ढोली असल्यास निरोगी झाड टिकेल अशा वाऱ्यातही ते मोडते. घडांनी लगडलेली केळ तर फारच लवकर आडवी होते. लोळलेला ऊस किंवा ज्वारी वाऱ्याची दिशा उत्तम दाखविते. वेगाचे अनुमान मात्र तेवढ्यावरून करता येत नाही.

घर काय सांगते

घूर्णवाताच्या ऐन मार्गात वेगमापक यंत्र सहसा सापडत नाही. म्हणून नुकसानीवरून वेग ठरवावा लागतो. ११ मे १९७० रोजी टेक्सास राज्यातील लबक शहरात घूर्णवाताने २६ जणांचा बळी घेतला. तेथील विद्यापीठाच्या स्थापत्य अभियंत्यांनी त्या पडझडीचा बारकाईने अभ्यास केला व पुढे हे काम अनेक वर्षे चालविले. फुजितांच्या मूळ श्रेणीत प्रचंड नाशासाठी जे वेग मानले होते ते फाजील होते, असे अशा अभ्यासांतून दिसून आले. १ फेब्रुवारी २००७ पासून तेथे सुधारलेली श्रेणी अमलात आली. तीत २८ प्रकारच्या वस्तू व इमारती नुकसानीच्या निदर्शक मानल्या असून त्यांत पहिलाच क्रमांक लहान कोठारे व शेतावरील छपऱ्यांचा आहे. झाडांचेही दोन प्रकार त्यांत आहेत. उभ्या पिकांचा मात्र समावेश नाही.

या श्रेणीचे मर्म असे की, वस्तू किती मोडली याबरोबरच ती किती मजबूत होती हेही पाहावे लागते. तेथील लहान कोठार समूळ नष्ट झाले तरी त्यावरून वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १८० किलोमीटर एवढाच धरला जातो. रीतसर बांधलेले राहते घर पायापासून पुसले गेले, तर मात्र तो ताशी सुमारे ३२० किलोमीटर मानला जातो. त्यातही घराच्या लाकडी पट्ट्या पायास बोल्टने आवळलेल्या होत्या की नुसत्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या, हे पाहणी करणारा वाकून तपासतो. खिळेच असतील तर तो श्रेणी खाली आणतो. घर नाहीसे झाले, पण शेजारची झुडपे पानांसह उभी आहेत, असे दिसल्यासही वारा फार प्रचंड नव्हता, बांधकाम दुबळे होते, असा निष्कर्ष निघतो.

हा निष्कर्ष घरधन्यास कटू वाटेल. परंतु त्याच्या हिताचा तोच आहे. दैवी कोप म्हणून सोडून दिले तर घर पुन्हा तसेच बांधले जाते व पुन्हा पडते. सांधा दुबळा होता असे कळले तर थोडक्या खर्चात तो सुधारता येतो.

जुन्या समजुतींची दुरुस्ती

पाहणीने लोकांच्या समजुतीही सुधारल्या. घूर्णवात येताना तळघराच्या नैऋत्य कोपऱ्यात आश्रय घ्यावा, अशी अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या शिकवण होती. ८ जून १९६६ रोजी कॅन्सस राज्यातील टोपेका शहरात मोठा घूर्णवात आला. कॅन्सस विद्यापीठाचे जोसेफ ईगलमन यांनी तेथील पडक्या घरांतील खोली न् खोली तपासली, तेव्हा नैऋत्येकडील बाजूच अधिक धोक्याची ठरल्याचे दिसून आले. वादळ त्याच दिशेने येत असल्याने मोडतोडीचा मारा प्रथम त्या भिंतींवर होत होता. लोकांना ज्या कोपऱ्यात पाठविले जात होते, तोच असुरक्षित होता.

दुसरी समजूत खिडक्यांविषयीची. घूर्णवाताच्या पोटात हवेचा दाब एकदम उतरतो व घर आतून फुटते. म्हणून खिडक्या आधीच उघडून ठेवाव्यात, असे सांगितले जाई. भिंती बाहेरच्या अंगास पडलेल्या दिसत, हाच त्याचा पुरावा मानला जाई. अभियंत्यांनी सांधे तपासले तेव्हा खरा क्रम उलगडला. वाऱ्याकडील दार किंवा खिडकी फुटते, वारा आत शिरतो, छपर वर उचलतो आणि आधार गेलेल्या भिंती मग बाहेर कोसळतात. म्हणजे खिडकी उघडणे हे शत्रूस दार उघडून देण्यासारखेच होते. तो उपदेश पुढे मागे घेण्यात आला. आता सर्वांत खालच्या मजल्यावरील, खिडक्या नसलेल्या मधल्या खोलीत आश्रय घ्यावा, असे सांगितले जाते.

भारतीय उपखंडातील अनुभव

भारतीय उपखंडासही ही आपत्ती अपरिचित नाही. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीच्या विद्यापीठ परिसरावरून एक घूर्णवात गेला व त्यात २८ जण मृत्युमुखी पडले. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर व साटुरिया भागात आलेल्या घूर्णवातात सुमारे १,३०० माणसे दगावली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत तो जगातील सर्वांत प्राणघातक घूर्णवात आहे. २४ मार्च २०२३ रोजी पंजाबच्या फाजिल्का जिल्ह्यातील एका गावात अशाच वादळाने घरे व फळबागा मोडल्या.

महाराष्ट्रात घूर्णवात विरळा आहे. परंतु मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत वळवाच्या मेघांतून कोसळणारे झोत व गारा येथील शेतकऱ्यांच्या पूर्ण परिचयाच्या आहेत. जळगावकडील केळी, नाशिककडील द्राक्षमांडव, ठिकठिकाणची शेडनेटगृहे व गोठे यांना त्यांचा तडाखा बसतो. घूर्णवातासाठी सिद्ध झालेली पाहणीची रीत येथेही तशीच लागू पडते.

पाहणी करणाऱ्याने काय नोंदवावे

माणसे व जनावरे यांची सुटका आणि औषधोपचार हे पहिले कर्तव्य होय. तुटलेल्या विजेच्या तारेजवळ कोणी जाऊ नये. वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्याखेरीज तिच्यावर पडलेल्या झाडासही हात लावू नये. तडा गेलेल्या भिंतीच्या आडोशास उभे राहू नये. यानंतर, शक्य तर त्याच दिवशी, ग्रामकार्यकर्त्याने पुढील गोष्टी टिपून ठेवाव्यात.

१. वादळ किती वाजता आले, किती वेळ टिकले, प्रथम पाऊस आला की वारा, गारा पडल्या काय. निरनिराळ्या वस्त्यांवरील तीन-चार माणसांना स्वतंत्रपणे विचारावे.

२. पडलेल्या प्रत्येक मोठ्या झाडाची जात, बुंध्याचा घेर, शेंडा कोणत्या दिशेस आहे, आणि ते उन्मळले की मोडले. दिशा होकायंत्राने घ्यावी. ते हल्ली बहुतेक भ्रमणध्वनीतही असते.

३. गावाच्या नकाशावर झाडांच्या जागी दिशादर्शक बाण काढावेत. वीस-पंचवीस बाण काढताच वाऱ्याची चाल आपोआप डोळ्यांपुढे उभी राहते.

४. नुकसान कोठे सुरू झाले व कोठे संपले. न पडलेल्या वस्तूही नोंदवाव्यात, कारण वाऱ्याची सीमा त्यांवरूनच कळते.

५. छपर उडाले असल्यास पत्रा वाशापासून सुटला, वासा भिंतीपासून सुटला, की खांबच पायातून उपटला गेला. पत्रा किती अंतरावर व कोणत्या दिशेस जाऊन पडला.

६. गारांचे वण झाडाच्या सालीवर कोणत्या अंगास आहेत व पाने कितपत फाटली आहेत. वाऱ्याचे व गारांचे नुकसान वेगवेगळे लिहावे.

७. प्रत्येक वस्तूचे एक छायाचित्र दुरून व एक जवळून घ्यावे. जवळच्या चित्रात मापासाठी काठी किंवा फावडे ठेवावे.

शेतकऱ्यांनीही झाड तोडण्यापूर्वी एवढे टिपण्यास पंधरा मिनिटांची सवड द्यावी. पंचनाम्यासाठी अधिकारी येईपर्यंत रान मोकळे करणे भागच असते. अशा वेळी आधीच केलेली टिपणे व छायाचित्रे उपयोगी पडतात. जे घडले तेवढेच लिहावे. नुकसान वाढवून लिहिल्याने खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो, आणि कमी लिहिल्याने गरजवंतावर अन्याय होतो.

शेवटी, पाहणीचा उपयोग पुन्हा उभारणी करताना करावा. पत्रे वाशांवरून सुटले असतील तर नव्या छपरास खिळ्यांऐवजी हुकबोल्ट वापरावेत. वासे भिंतीवरून उचलले गेले असतील तर ते लोखंडी पट्टीने भिंतीत खोलवर जखडावेत. गोठ्याचे खांब उपटले असतील तर त्यांचे पाय अधिक खोल व काँक्रीटमध्ये रोवावेत. केळीबागेभोवती वाऱ्याच्या नेहमीच्या दिशेस शेवरीसारख्या झाडांचा दाट पट्टा लावावा. पुढचा वळीव येण्यापूर्वी गावात एक दिवस ठरवून सर्व गोठे व शाळेचे छपर तपासून घ्यावे. गेल्या वादळात कोणता सांधा सुटला होता, त्याची वही त्या दिवशी हातात असावी.